उन्मादाला संचारीच राहू द्या

प्रश्न

मी भरतनाट्यम शिकलेली आहे आणि काही वर्षं नाशिकला समकालीन नृत्याचा वर्ग चालवते. सध्या आठ मुलामुलींना घेऊन मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर बारा मिनिटांचं समूहनृत्य बसवतेय. सुरुवातीला पांढऱ्या गाउनमधली आठ माणसं, मग वॉर्डातला गोंधळ, मग एकीला ऐकू येणारे आवाज, मग शॉकचा प्रसंग आणि शेवटी सगळे गाउन फेकून मोकळे होतात. परवा काही जणांना बोलावून पहिल्यांदा सलग तालीम दाखवली. माझ्या गुरू म्हणाल्या, वॉर्डाचा भाग विस्कळीत आहे, रेषा स्वच्छ कर. मनोरुग्णालयात नोकरी केलेल्या एक निवृत्त परिचारिका म्हणाल्या, "आमच्याकडे एवढी धावपळ नसते गं, तिथे वेळ जाता जात नाही." नाटकवाल्या मित्राला क्लायमॅक्स कमी पडला. बाकीच्यांच्या अंगावर काटा आला. एक गृहस्थ शॉकच्या प्रसंगात उठून गेले. नंतर कळलं की त्यांचा भाऊ बरीच वर्षं उपचार घेतोय.

कोणाचं ऐकू? आम्ही रुग्णालयात जाऊन निरीक्षण करावं का? आणखी एक. आवाजांच्या प्रसंगानंतर आमची एक मुलगी गप्प होते. तिच्या घरात हा आजार आहे. मुख्य भूमिका तिलाच द्यावी असं मनात आहे, कारण तिचं करणं खरं वाटतं. चुकतंय का माझं?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो पुढच्या तालमीपर्यंतही थांबवू नये असं मला वाटतं. त्या मुलीला मुख्य भूमिका देऊ नका. तिने स्वतःहून, तालमीच्या गडबडीबाहेर मागितली तर बघा. तुम्ही सुचवलंत तर तिला नाही म्हणता येणार नाही, कारण तुम्ही तिच्या ताई आहात आणि बाकीचे सात जण बघत असतील. तुम्हाला जे खरं वाटतंय तो तिला होणारा त्रास आहे, आणि भूमिका दिलीत तर दर तालमीला, दर प्रयोगाला तो उकरून काढायची जबाबदारी तिच्यावर येईल. अभिनयात भावात शिरणं जितकं शिकवतो तितकंच त्यातून बाहेर पडणंही शिकवायचं असतं, आणि तिच्या बाबतीत हे बाहेर पडणं सध्या होत नाहीये. तिला एकटीला विचारा: या प्रसंगात राहायचंय का? नको असेल तर दुसरं काम तयार ठेवा, म्हणजे इतरांना कारण सांगत बसावं लागणार नाही. आवाजांचा प्रसंग तालमीत कधीच शेवटी घेऊ नका. त्याच्यानंतर साधे अडवू, म्हणजे पायाभूत पदन्यास, घ्या, पाणी प्या, गप्पा मारा, मगच मुलांना घरी सोडा. तिचं गप्प राहणं वाढत गेलं, झोप किंवा जेवण बिघडलं, तर तिला समुपदेशकाकडे जायला सुचवा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक आठही जणांना देऊन ठेवा, तिला एकटीला नको.

आता सल्ल्यांकडे. तुम्हाला वाटतंय की गुरू एक सांगतात आणि परिचारिकाबाई दुसरंच. पत्र दोनदा वाचल्यावर मला दोघी एकाच जागी बोट ठेवताना दिसल्या. वॉर्डाच्या गोंधळात गुरूंना रेषा दिसत नाहीत, कारण आठही जण वेडेपणा करताहेत आणि 'वेडेपणा करा' एवढ्याच सूचनेतून रेषा कधी तयार होत नाही. बाईंना त्यात वॉर्ड दिसत नाही, कारण तिथे ओळखू येईल असं एकही माणूस नाही. दुखणं एकच आहे.

तुम्ही भरतनाट्यमच्या आहात, म्हणून नाट्यशास्त्राच्या भाषेतच बोलते. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी, म्हणजे संचारी भावांमध्ये उन्माद आहे. त्याचे अनुभाव, म्हणजे अंगावर दिसणाऱ्या खुणा, आठवा: कारण नसताना हसणं, रडणं, ओरडणं, असंबद्ध बोलणं, मधेच बसणं, मधेच धावणं, अंगाला राख-धूळ फासणं, चिंध्या आणि निर्माल्य अंगावर घालणं. 'मनोरुग्ण करून दाखवा' असं सांगितल्यावर कुठल्याही ग्रुपमधली मुलं इम्प्रोव्हायझेशनमध्ये जे शोधून काढतात, ते थोड्याफार फरकाने याच यादीत सापडतं. पण भरताने यादीच्या आधी विभाव, म्हणजे त्या भावाची कारणं, दिलेत: प्रिय माणसाचा वियोग, संपत्तीचा नाश, आघात, वात-पित्त-कफाचा प्रकोप. आजचं वैद्यकशास्त्र कारणं वेगळी सांगेल, तो भाग सोडा. मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी माणूस आणि त्याचं काहीतरी असणं, मग त्यातून भाव. आणि मुळात उन्माद संचारी आहे. तो येतो, स्थायीला, म्हणजे मुळाशी टिकून असलेल्या भावाला, रंग देतो, जातो. तुमच्या नृत्यात तो बारा मिनिटं ठाण मांडून बसलाय. स्थायी कुठे आहे? या माणसांना हवंय काय, वाट कोणाची आहे, राग कोणावर आहे, लाज कशाची वाटते? मला सांगायचंय ते एवढंच. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

म्हणून आठही जणांना आजार वाटून देणं बंद करा. 'तू स्किझोफ्रेनिया, तू नैराश्य' असं ठरवलं असेल तर ते विसरायला सांगा. त्याऐवजी प्रत्येकाला एक काम आणि एक इच्छा द्या. एकाला खिडकीजवळची जागा हवी आहे. एक चादरीच्या घड्या घालते आणि टोकाला टोक जुळलंच पाहिजे. एक जण घरचा पत्ता पाठ करतो. एकीला दुसऱ्यांदा चहा हवाय. काम नाचा, इच्छा नाचा. आजार त्यात अडथळा म्हणून, विलंब म्हणून, मधेच सुटलेल्या मात्रेसारखा येईल, आणि तेवढा पुरतो.

वॉर्डाच्या गोंधळाच्या जागी मी काय बसवलं असतं ते सांगते. औषधाची रांग. हातावर गोळी, गोळी तोंडात, घोटभर पाणी, मान मागे, मग आ करून, जीभ उचलून दाखवायचं की गिळली. हे आठ मात्रांत बसतं. आठही जणांना ही एकच ओळ द्या, अगदी काटेकोर, तुमच्या गुरूंना हवी तशी रेषेत. ती पुरेशी वेळा होऊ द्या, म्हणजे प्रेक्षकाला कंटाळा येऊ लागेल. परिचारिकाबाई म्हणतात ते वेळ न जाणं याच कंटाळ्यात आहे, आणि घाई केलीत तर ते हातचं जाईल. मग एकेक फरक सोडा. एकीचा तळवा थरथरतो आणि पाणी सांडतं. एक जण कोणी सांगायच्या आधीच आ करतो, कारण हे त्याने वर्षानुवर्षं केलंय. एकीची जीभ एक मात्रा उशिरा उचलली जाते आणि त्या एका मात्रेत पूर्ण रांग तिच्याकडे बघते. एकाचं लक्ष दारावर. फरक लहान असले तरी दिसतील, कारण बाकी सगळं सारखं आहे. रेषा स्वच्छ झाल्या आणि माणसंही आली.

थरथरण्याबद्दल मुलांना नीट समजावून सांगा, कारण इथे नाचणारे बहुतेक ठिकाणी गल्लत करतात. हाताचा कंप, पाय घासत चालणं, चेहऱ्यावरची हालचाल मंदावणं या गोष्टी आजाराच्या नसून पुष्कळदा औषधाच्या असतात. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. अकाथिसिया म्हणून एक प्रकार आहे: आत अशी तगमग होते की माणसाला एका जागी बसवत नाही. उभा राहिला तर वजन या पायावरून त्या पायावर, पुन्हा या पायावर, नाहीतर फेऱ्या. बघणाऱ्याला वाटतं वेड्यासारखा फिरतोय. त्याला मात्र बसायचं असतं. बसायची इच्छा आणि न बसणारे पाय, एवढं दिलंत तर नर्तकाला चेहऱ्याने काहीही करावं लागणार नाही. मात्र औषध म्हणजे खलनायक असा अर्थ निघू देऊ नका. डोस बदलून किंवा दुसरं औषध देऊन हे त्रास बऱ्याचदा कमी करता येतात, आणि त्याच औषधांच्या आधारावर असंख्य माणसं घर, नोकरी, संसार सांभाळतात. त्यातलं कोणीतरी तुमच्या प्रेक्षकांत असणारच.

शॉकचा प्रसंग आहे तसा काढून टाका. याबाबत माझ्या मनात किंतु नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार, म्हणजे ईसीटी, द्यायला बंदी आहे. ही औषधं दिल्यावर शरीर उसळत नाही, कमान होत नाही, चार जणांना धरून ठेवावं लागत नाही. झटका आलाय हे कळावं म्हणून डॉक्टर बऱ्याचदा एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आवळून त्या पावलापर्यंत औषध पोहोचू देत नाहीत. खऱ्या खोलीत नजरेस पडेल असं हलतं ते बहुधा एवढं एक पाऊल. तीव्र नैराश्यात, कॅटाटोनियात, जेव्हा माणूस खाणंपिणं सोडून दगडासारखा होतो, तेव्हा हा उपचार जीव वाचवतो. तुमच्या मंचावर तो छळ म्हणून दाखवला गेला. जे गृहस्थ उठून गेले त्यांनी काय पाहिलं असेल याची कल्पना करा.

तरीही हा उपचार तुमच्या कथेला हवाच असेल, तर खरं तेवढं घ्या. पलंगाभोवती शांतपणे काम करणारे हात, एका पावलाची बोटं, काही क्षण. मग जागं होणं आणि आज कोणता वार आहे ते न आठवणं. गोंधळ आणि काही आठवणी पुसट होणं ही या उपचाराची खरी किंमत आहे, ती दाखवायला कोणाची हरकत असू नये. त्या गृहस्थांना फोन करून अभिप्राय मात्र मागू नका. पुढच्या वेळी नृत्यात काय आहे ते आधी सांगू, एवढा निरोप द्या. ते स्वतः बोलले तर ऐकून घ्या, आणि तेव्हा समजावू नका.

आवाजांचा प्रसंग ठेवा. फक्त सात जणांनी तिला घेरणं, कानात फुत्कारणं, तिने कान झाकून गिरक्या घेणं हे टाळा. हे आवाज बऱ्याचदा ती करत असलेल्या कामावर शेरे मारतात, कधी दोघं तिच्याविषयी आपसात बोलतात, कधी ओळखीच्याच माणसाचे असतात. तेव्हा तिचे हात कामात असू द्या. वेणी घालू द्या. तीन पेड, एकावर एक. शेरा आला की हात थांबतात, पेड सुटतो, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पण त्यासाठी नृत्याच्या सुरुवातीला तिने एकदा पूर्ण, निवांत वेणी घातलेली प्रेक्षकाने पाहिलेली असायला हवी. १८४१ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा झालेल्या 'जिझेल' या बॅलेत फसवली गेलेली नायिका भान हरपते, तेव्हा ती आधी प्रियकराबरोबर नाचलेल्याच पावलांचे आणि फुलाच्या पाकळ्या मोजण्याच्या खेळाचे तुकडे पुन्हा करते. केस मोकळे सोडणं हे त्यातलं सगळ्यात वरवरचं आहे, आणि तेच सगळ्यांनी उचललं. अखंड पाहिलेलं मोडलं की प्रेक्षकाला दुखतं. तुमच्याकडे सध्या पहिल्या क्षणापासून सगळं मोडलेलंच आहे.

गाउनबद्दल थोडक्यात: २०१७ च्या त्याच कायद्याने रुग्णांवर गणवेशाची सक्ती करता येत नाही, सक्तीने केशवपनही करता येत नाही. घरचे कपडे द्या. आठ माणसं वेगळी दिसायला तीच मोठी मदत होईल. मग शेवटी फेकायला गाउन उरणार नाहीत, आणि ते बरंच. मित्राला क्लायमॅक्स कमी पडला यातून एवढंच घ्या की शेवट त्याला पटला नाही. मलाही पटला नाही. बंधन फेकून सगळे एका झटक्यात मोकळे होतात, याने टाळ्या मिळतील, पण वॉर्डातली मोठी वेदना त्यात येतच नाही. बरी होऊनही घरचे न्यायला येत नाहीत म्हणून राहून गेलेली माणसं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने अशांच्या पुनर्वसनासाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं. ज्याचं लक्ष दारावर होतं त्याचा शेवट काय, याचा विचार करा. तो बाहेर जाईल की नाही हे तुम्ही ठरवा, पण तो प्रश्न त्याचा एकट्याचा असू द्या.

पुढची तालीम दाखवताना 'कसं वाटलं?' विचारू नका. त्याचं उत्तर 'छान' किंवा 'अंगावर काटा आला' यापलीकडे जात नाही. काटा आला म्हणणाऱ्याला विचारावं, नेमका कुठे? तो शॉकच्या जागी आला असेल, तर ती दाद तुमच्या नृत्याची नाही, भीतीची आहे. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी अभिप्रायासाठी चार पायऱ्यांची एक पद्धत घालून दिली आहे आणि ती अशा विषयाला फार उपयोगी पडते. आधी बघणारे सांगतात, काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग नृत्य करणारा आपले प्रश्न विचारतो. मग बघणारे प्रश्न विचारतात, पण त्यात मत दडवायचं नाही: 'इतकं लांब का?' असं न विचारता 'इथली लांबी कशी ठरवली?' असं. मत सगळ्यात शेवटी, आणि तेही 'या जागेबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?' असं विचारून. नको म्हणायचा हक्क तुम्हाला असतो. आपल्याकडे तालमीनंतर ज्येष्ठांनी थेट चौथ्या पायरीवरून बोलायची सवय आहे, त्यामुळे पाहुणे बसायच्या आधीच हा क्रम सांगून टाका. गुरूंनाही सांगा. त्या समजून घेतील.

दुसऱ्या पायरीवर तुम्ही विचारायचे प्रश्न आधी लिहून काढा. मी असते तर एवढेच विचारले असते: कोण कोण लक्षात राहिलं, आणि त्याला काय हवं होतं? कुठे हसू आलं, आणि कोणाला हसलात? उत्तरं देत बसू नका, एका मुलाला उतरवून घ्यायला बसवा. 'तो दाराकडे बघणारा' असं कोणी म्हणालं की समजा ते काम झालं. आठांपैकी तिघांबद्दल कोणी काहीच बोललं नाही, तर पुढच्या आठवड्यात त्या तिघांवर काम करा. आणि कोणाकडून काय घ्यायचं तेही ठरलेलं असू द्या. रेषा आणि लय गुरूंकडून, वॉर्ड खरा आहे का ते परिचारिकाबाईंकडून, कळतंय का ते विषयाशी संबंध नसलेल्या माणसाकडून. गुरूंना वॉर्डाबद्दल आणि बाईंना अरमंडीबद्दल, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसण्याबद्दल, विचारलंत तर पुन्हा गोंधळच होईल.

रुग्णालयात निरीक्षणाला जाऊ नका. उपचार घेत असलेला माणूस तुमच्या अभ्यासाचा नमुना नाही, तो तुमच्यासमोरून उठून जाऊही शकत नाही. त्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांपर्यंत जाऊ देण्याला कायद्याने मनाई आहे, हे ग्रुपमधल्या मोबाइलवाल्या मुलांना बजावून ठेवा. त्यापेक्षा जे स्वतःहून बोलतात त्यांच्याकडे जा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) अशा संस्था रुग्ण आणि कुटुंबीयांसोबत दीर्घकाळ काम करत आहेत. या वर्तुळात आजार असलेल्यांना शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्यांना शुभंकर म्हणतात. पत्र लिहून, विषय सांगून, कोणाला तालीम बघायला यावंसं वाटेल का असं विचारा. येतील त्यांना काय दिसणार आहे ते आधी सांगा, दाराजवळची खुर्ची द्या, येण्याजाण्याचा खर्च द्या. मधेच उठून गेले तर कारण विचारू नका. आणि त्यांनी 'हे आमचं नाही' असं सांगितलं तर तो भाग कितीही सुंदर बसला असला तरी सोडून द्यायची तयारी ठेवा. त्यांच्याकडून सल्ला घ्यायचा आणि सोयीचा तेवढाच ठेवायचा, हे मला मान्य होणार नाही.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात फक्त औषधाची रांग घ्या आणि परिचारिकाबाईंना पुन्हा बोलवा. या वेळी त्यांना प्रेक्षकांत बसवू नका, मुलांसमोर उभं करा. गोळी हातावर कशी ठेवतात, ग्लास कोण धरतं, नकार दिला तर त्या काय बोलायच्या, हे त्यांनाच करून दाखवू द्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव घालायचं असेल तर आधी विचारा, आणि मानधन मात्र न विचारता द्या.